एकाच बाईचे दोन ऑब्जेक्ट

खोटं कशाला बोलू? कॉम्प्युटरची मला काडीची आवड नव्हती. मी प्रोग्रॅमिंग शिकले ते निव्वळ धाकट्या जावेवर जळून. ती दर रविवारी मंचरला कोडिंगच्या क्लासला जाणार, असं तिनं संध्याकाळी चुलीशी बसून सांगितलं, आणि माझ्या तव्यावरची भाकरी करपली. मी म्हणाले, "मी बी येनार."

आमचे हे खो खो हसले. "तू? आन् कॉम्प्युटर?"

"का? माझ्या हातांना काय झालंय?"

धाकटी तेवढी म्हणाली, "या ना ताई, मजा येईल." तिचं असंच असतं. ती वाईट वागली असती तर मला किती बरं पडलं असतं! चांगल्या माणसावर जळायचं म्हणजे दुप्पट कष्ट, कारण आपलं आपल्यालाच कळत असतं.

माझं नाव या लिखाणात येणार नाही. लपवायचंय म्हणून नव्हे. मला दोन नावं आहेत आणि त्यांतलं कोणतं लिहावं हाच तर सगळा घोळ आहे.

मी आण्याची. पठारावरचं गाव, उन्हाळा लागला की टँकरची वाट बघायची. बारावी सायन्सला होते, गणितात वर्गात पहिली. मग निरगुडसरचं स्थळ आलं. कॅनॉलचं पाणी, ऊस, बटाटा, दारात ट्रॅक्टर. आमच्याकडचे सगळे म्हणाले, पोरीनं नशीब काढलं. लग्न झालं, उंबऱ्यावरचं माप लवंडून आत आले, आणि पाटावर बसवून माझ्यापुढं ताट ठेवलं. ताटात तांदूळ पसरलेले. ह्यांनी बोटातली अंगठी काढली आणि तांदळात एक नाव लिहिलं. बायका म्हणाल्या, "वाच गं." मी वाचलं. मला वाटलं, ही कोण?

सासूबाईंनी समजावून सांगितलं. माझं माहेरचं नाव आणि त्यांच्या नणंदेचं नाव एकच. त्या नणंदबाई गावातच दिलेल्या, रोज सकाळ-संध्याकाळ आमच्याकडं. "आता तुला हाका मारायच्या म्हंजी त्यांचंच नाव घ्यायचं व्हय? मान्सांचा मान राखाया पायजे." मान राखायचा म्हटल्यावर एकोणीस वर्षांची पोर काय बोलणार? मी मान डोलावली. त्या दिवसापासून मला कुणी जुन्या नावानं हाक मारली नाही. माहेरी गेले तर आई मारायची, पण आई गेली आणि तेही संपलं.

तेरा वर्षांनी धाकट्या दिरांचं लग्न झालं. पुण्यात शिकलेली मुलगी, बीएस्सी, हुंड्याबिंड्याचं नाव नाही, बरोबर स्वतःचा लॅपटॉप घेऊन आली. तांदळाचं ताट मी तयार केलं होतं. खडा राहू नये म्हणून दुपारभर बसून तांदूळ मी निवडले. भाऊजींनी अंगठी काढली तेवढ्यात ही बाई हसत म्हणाली, "आई, माझ्या सगळ्या सर्टिफिकेटवर हेच नाव आहे. राहू दे ना तेच."

मला वाटलं, आता सासूबाईंचा पट्टा सुटणार. मी तर वाटच बघत होते.

"बरं, ऱ्हाऊ दे," सासूबाई म्हणाल्या.

एवढंच! एका वाक्यात विषय संपला. मी ताट उचलून आत नेलं. ते तांदूळ दुसऱ्या दिवशी मी खिचडीत घातले आणि खिचडी खारट केली. चुकून नाही, मुद्दाम.

तर असं ते जळणं. चार वर्षं मुरलेलं.

क्लास मंचरला एका खताच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर होता. जिना चढेपर्यंत नाकात युरियाचा वास. मॅडम पुण्यात कंपनीत होत्या, लग्न होऊन मंचरला आल्यावर त्यांनी बायकांसाठी हा क्लास काढला. आम्ही आठ-नऊ जणी. आम्ही दोघी धाकटीच्या स्कूटीवरून जायचो. ती पुढं, मी मागं. दिवस मावळायच्या आत परत यायचं, कारण रस्त्याला दोन्ही बाजूंनी ऊस आणि उसात बिबट्या. बिबट्याची मला भीती वाटायची नाही. मागं बसायचा राग यायचा.

पहिल्या दोन-तीन रविवारी सगळं डोक्यावरून गेलं. पण मग मॅडमनी क्लास आणि ऑब्जेक्ट शिकवायला घेतलं आणि माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. मॅडम म्हणाल्या, "क्लास म्हणजे कोरा फॉर्म. नाव, गाव, वय असे रकाने आखलेले, पण भरलेलं काही नाही. ऑब्जेक्ट म्हणजे भरलेला फॉर्म. एका कोऱ्या फॉर्मवरून हवे तेवढे भरून काढा." आयुष्यभर सरकारी फॉर्म भरलेत आम्ही. मला लगेच पटलं.

आम्ही 'गाय' नावाचा क्लास लिहिला. रंग, वेत, दूध. मग त्यावरून गायी केल्या. एक काळी, एक तांबडी, एक भाकड. भाकडीचं दूध शून्य. मी बटण दाबलं आणि स्क्रीनवर माझी तांबडी गाय तिच्या दुधासकट उभी राहिली. काय सांगू, अंगावर काटा आला. आमच्या गोठ्यातल्या गायी ह्यांच्या, जमीन मामंजींची, स्कूटी धाकटीची. ही गाय मात्र माझी होती.

आणि धाकटीची गाय काही केल्या उभी राहीना. क्लासातल्या प्रत्येक फंक्शनच्या कंसात आधी 'सेल्फ' लिहावं लागतं, म्हणजे ज्या ऑब्जेक्टचं काम चाललंय तो स्वतः. ती ते सारखी विसरायची. मॅडम तिला म्हणाल्या, "बघ, ताईंचं बघ जरा." देवाशप्पथ सांगते, त्या दिवशी परत येताना मागच्या सीटवर मी गुणगुणत होते.

घरी लॅपटॉप तिचा. ती म्हणायची, "घ्या ना ताई, केव्हाही घ्या." मी घ्यायची नाही. जुन्या वह्यांची उरलेली पानं शिवून मी एक वही केली होती, तिच्यात पेनानं कोड लिहायची. गोठ्यात धार काढताना मनातल्या मनात ओळी म्हणायची. वैरण टाकता टाकता चूक सापडायची. रविवारी मंचरला जाऊन टाइप केलं की दहातले आठ वेळा पहिल्या झटक्यात चालायचं.

क्लास संपत आला तेव्हा मॅडमनी ती बातमी दिली. आमच्याच रस्त्यावर भाजीपाला निवडून पॅक करणारी एक शेतकऱ्यांची कंपनी आहे. तिथल्या ऑफिसात कॉम्प्युटरवर एक बाई हवी होती. सभासदांच्या याद्या, कोणाचा माल कधी येणार, तो प्रोग्राम सांभाळायचा, लागेल तसा वाढवायचा. मॅडम म्हणाल्या, "बाकीच्यांना लांब पडेल. तुम्ही दोघी जवळच्या. पण जागा एकच आहे."

जागा एकच आहे! मला ती हवी होती. कशाची एवढी हाव मी आयुष्यात केली नव्हती. पगार तर हवाच होता, पण त्याआधी मला ती खुर्ची हवी होती. लग्नाला सतरा वर्षं झाली, मी बसले ती पाटावर, गोठ्यात, ट्रॉलीच्या फळीवर आणि स्कूटीच्या मागं. त्या ऑफिसात प्रत्येक टेबलावर नावाची पाटी असते, मी माल द्यायला गेले होते तेव्हा बघितलं होतं.

तेव्हाच गावात माहेरवाशिणींचा मेळावा ठरला होता. निरगुडसरच्या जेवढ्या लेकी सासरी गेल्यात त्या सगळ्यांना एका दिवशी गावात बोलवायचं, ओटी भरायची, जेवण द्यायचं. आता हे गावोगाव निघालंय. तरुण मंडळाची पोरं नावं गोळा करून थकली होती. मॅडम म्हणाल्या, "हाच तुमचा शेवटचा प्रोजेक्ट. दोघी आपापला प्रोग्राम करा. गावापुढं चालवून दाखवा. कंपनीचे साहेब मी बोलावते. जिचा चालेल तिची शिफारस."

मी कामाला लागले. क्लासचं नाव ठेवलं 'बाई'. रकाने आखले : नाव, आडनाव, गाव, फोन. मग एक फंक्शन लिहिलं, 'लग्न'. ते चालवलं की त्या बाईसाठी एक नवा ऑब्जेक्ट तयार व्हायचा. नवं नाव, नवं आडनाव, नवं गाव. मला त्यात काही वावगं वाटलंच नाही. लग्नात असंच तर होतं.

रविवारी मॅडमनी सगळ्यांसमोर माझा प्रोग्राम चालवला. दहा बायका भरल्या होत्या, यादीत वीस आल्या. मॅडम बराच वेळ बघत राहिल्या आणि हसायलाच लागल्या. "अहो, तुम्ही तर एका बाईला दोनदा जन्माला घातलंत! लग्न झालं म्हणून ऑब्जेक्ट नवा होत नाही. बाई तीच असते. आतल्या रकान्यात काय ते बदलायचं. आणि ही जुनी बघा, हिला तुम्ही तशीच सोडून दिलीय. ना तिला फोन, ना तिचा कुणाशी संबंध."

सगळ्या हसल्या. मीही तोंड वाकडं करून हसले. त्यात धाकटीनं भर घातली, "ताई, लग्नात नाव कुठं बदलतं? आडनाव बदलतं."

माझ्या अंगाचा नुसता भडका उडाला. नाव कुठं बदलतं? भवाने, तुझं नाही बदललं! मी चार वर्षं तुझ्यासमोर वावरतेय, तुझ्या पानात वाढतेय, आणि तुला हेही माहीत नाही? पण मी बोलले काहीच नाही, कारण त्याच क्षणी मॅडमनी तिचा प्रोग्राम उघडला आणि माझं लक्ष तिच्या स्क्रीनवर गेलं.

तिच्या क्लासात नावाचा रकाना एकदाच भरायचा होता. लग्नाच्या फंक्शनमध्ये फक्त आडनाव आणि गाव बदलत होतं. मॅडम म्हणाल्या, "अगदी बरोबर." मॅडमचंही नाव बदललेलं नसणार.

मला दिसलं ते असं. गावातल्या लेकींची यादी मंडळाच्या पोरांनी फोन करून केलेली, म्हणजे सासरच्या नावांनी. आणि गावातली म्हातारी माणसं त्यांना ओळखणार माहेरच्या नावानं. आमच्या भागात जुन्या पोरींपैकी निम्म्याअधिकांची नावं बदललेली. कुणी विचारलं की अमक्याची तमकी कुठं दिलीय, तर धाकटीचा प्रोग्राम हात वर करणार. नुसता एक रकाना वाढवायचा होता. एक ओळ. परत येताना स्कूटीवर माझ्यापुढं ती बसली होती, तिच्या कानात सांगितलं असतं तरी झालं असतं.

मी सांगितलं नाही. माझा प्रोग्राम मी त्या आठवड्यात उभा-आडवा बदलला. एका बाईचा एकच ऑब्जेक्ट, पण त्यात दोन रकाने : माहेरचं नाव आणि सासरचं नाव. कुठल्याही नावानं शोधा, बाई तीच यावी. माहेरची नावं मिळवायला मी आळीआळीतून म्हाताऱ्यांकडं बसून आले. हे धाकटीनं पाहिलं. तिला वाटलं, मी पाहुणचार घेत फिरतेय.

मेळाव्याच्या आधीच्या रविवारी दुपारी शाळेच्या हॉलमध्ये सगळे जमले. कंपनीचे साहेब, मॅडम, मंडळाची पोरं, मागं सतरंजीवर म्हातारी माणसं. सासूबाई पुढच्या रांगेत, डोक्यावर पदर, जणू लग्नाला आल्यात. आधी धाकटीचा प्रोग्राम. दिसायला देखणा, रंगीत. तिनं यादी दाखवली, गावं दाखवली, साहेब खुश झाले.

मग एक पेन्शनर गुरुजी उठले. त्यांनी आपल्या जुन्या विद्यार्थिनीचं नाव घेतलं. "बघ बरं पोरी, कुठं दिलीय ती?"

धाकटीनं टाइप केलं. स्क्रीनवर आलं : सापडली नाही.

"आसं कसं? फळ्यावर गणित सोडवायची ती! बरं, तिच्या भैनीचं बघ."

सापडली नाही.

मागून एक आजी ओरडली, "माझ्या लेकीचं बघ गं!" तीही सापडली नाही. आजीला वाटलं, लेकीला बोलावणंच नाही, ती रडायलाच लागली. "न्हाई कशी माझी पोर? हितंच जलमली ती!" धाकटी पुन्हा पुन्हा स्पेलिंग तपासायला लागली. ती गोरी, तिचा चेहरा लालभडक दिसत होता. मी तिच्या शेजारच्या खुर्चीवर वही मांडीत घेऊन बसले होते.

मग माझी पाळी. तीच तीन नावं घातली. तिन्ही आल्या. सासरचं नाव, गाव, फोनसकट. आजीच्या लेकीला तिथल्या तिथं फोन लावला आणि हॉलमध्ये टाळ्यांचा कडकडाट झाला. आमचे हे दारात उभे होते, ते सगळ्यात जोरात वाजवत होते. साहेब म्हणाले, "या बाई पाहिजेत आपल्याला." या बाई म्हणजे मी! असा आनंद मला पोरं झाली तेव्हाही झाला होता की नाही, आठवत नाही.

घरी चालत येताना धाकटी एकदाच बोलली. "ताई, तुम्हाला माहीत होतं ना? त्या रविवारीच?"

मी म्हणाले, "मला काय म्हाईत बाई? मी आपली खेड्यातली."



शुक्रवारी मी कंपनीत कागद घेऊन गेले. धाकटीनंच स्कूटीवर सोडलं आणि ती शेजारच्या खुर्चीवर थांबली. ऑफिसातला माणूस भला होता, चहा सांगितला. त्यानं माझी बारावीची मार्कशीट घेतली, आधार कार्ड घेतलं, दोन्ही टेबलावर शेजारी शेजारी ठेवली. एकदा इकडं बघितलं, एकदा तिकडं.

"ताई, ही मार्कशीट कुणाची?"

"माझीच."

"यावर नाव वेगळं, वडलांचं नाव, आडनाव वेगळं. आधारवर सगळंच वेगळं. एकही शब्द जुळत नाही."

"लग्नात बदललं."

"ते कळलं हो. पण कागदावर या दोन बायका आहेत. मी सिस्टीमला कुणाला भरू? नाव एक केल्याचा काही कागद आणा. सोमवारी नेमणूक करायचीच आहे, माल सुरू झालाय."

नाव एक केल्याचा कागद म्हणजे काय असतो, ते मला कुठं ठाऊक? मला वाटलं, मुंबईला अर्ज करायचा, पेपरात छापून आणायचं, वर्ष जाईल. ह्यांना विचारलं तर हे म्हणाले, "सोड ना, कुठं ते झेंगट." धाकटी तिथंच होती, तांदळातले खडे वेचत. मान वर केली नाही तिनं. सोमवार आला. साहेबांनी मॅडमना विचारलं, मॅडमनी दुसरं नाव सांगितलं. धाकटीचे कागद तासाभरात झाले.

आणि ऐका, पुढं काय झालं. तिचा प्रोग्राम चालत नव्हता म्हणून साहेबांनी सभासदांच्या यादीसाठी माझाच घेतला. संध्याकाळी तिनं मला विचारलं, "ताई, घेऊ ना?" सगळे बघत होते. मी म्हणाले, "घे की." तर खुर्चीवर ती, पाटीवर तिचं नाव, आणि कॉम्प्युटरमध्ये माझी 'बाई'. रोज सकाळी ती डबा घेऊन निघायची आणि मी गोठ्याच्या दारातून स्कूटीचा आवाज ऐकायची. त्या महिन्यात माझं वजन उतरलं. शेजारणी म्हणाल्या, डॉक्टरला दाखव.

महिन्याभरानं मंचरच्या बाजारात मॅडम भेटल्या. "तुम्ही का हो गेला नाहीत?" मी सगळं सांगितलं. त्या कपाळाला हात लावून म्हणाल्या, "अहो, घोडेगावला जाऊन प्रतिज्ञापत्र करायचं होतं! सकाळी गेलात तर दुपारी हातात. तुमच्या जावेनं नाही का केलं आडनावासाठी, लग्न झाल्यावर? तिनं तुम्हाला सांगितलं नाही?"

मी कोथिंबिरीच्या जुड्या तिथंच विसरून घरी आले. धाकटी नुकतीच आलेली, मोरीत पाय धूत होती. मी दारात उभी राहिले. "तुला म्हाईत व्हतं ना? प्रतिज्ञापत्राचं?"

तिनं नळ बंद केला. माझ्याकडं सरळ बघून म्हणाली, "मला काय माहीत बाई? मी आपली शहरातली."

माझेच शब्द. माझ्याच चालीत. मग तिचा आवाज फुटला. "तीन वेळा आलं 'सापडली नाही', ताई. सगळ्या गावासमोर. ती आजी रडत होती. आणि तुम्ही शेजारी बसला होतात."

चांगलं मिळमिळीत वाटणारं हे माणूस, त्याच्या पोटात माझ्याइतकंच भरलं होतं तर! खरं सांगायचं तर त्या दिवशी मला ती पहिल्यांदा घरातली वाटली.

दोन दिवस आम्ही एकमेकींशी बोललो नाही. तिसऱ्या दिवशी तिनं सुट्टी काढली आणि सकाळी स्कूटीची किल्ली हातात घेऊन उभी राहिली. "चला घोडेगावला. पुढं लागेल कधीतरी. आईंनाही यायला सांगा, दोन्ही नावांनी ओळखणारं कुणीतरी साक्षीला लागतं."

आम्ही स्कूटीवर, सासूबाई वडापच्या जीपनं. कचेरीबाहेर झाडाखाली एक टायपिंगवाला बसतो. त्यानं मजकूर घातला : वरील दोन्ही नावे एकाच व्यक्तीची असून ती व्यक्ती मीच आहे. मग तो सासूबाईंकडं वळला. "आजी, यांचं लग्नाआधीचं नाव काय?"

मी सांगायला तोंड उघडलं, तेवढ्यात सासूबाईंनी सांगितलं. माझं नाव, वडलांचं नाव, आडनाव, मुक्काम आणे, तालुका जुन्नर. सतरा वर्षं ज्या तोंडानं ते नाव एकदाही घेतलं नाही त्या तोंडानं, न अडखळता, घडाघडा.

"लई चांगलं नाव व्हतं," त्या म्हणाल्या.

"मग बदललं का?" टायपिंगवाल्यानं सहज विचारलं.

"आमच्या घरात त्याच नावाच्या वडीलधाऱ्या व्हत्या ना," मी सवयीनं म्हणाले. "मान राखायचा म्हनून."

सासूबाईंनी माझ्याकडं बघितलं. "कसला मान न् कसलं काय! माझा त्या वन्संवर लई जळफळाट. घरात समदं तिला इचारून व्हायाचं, मी आपली निस्ती हमाल. आन् सून आली तर तिचंबी त्येच नाव? दिवसभर हाका मारून जिभंला फोड आला असता माझ्या. म्हनून काढलं."

धाकटीनं हळूच विचारलं, "आणि माझं?"

"तुज्या टायमाला वन्सं गेल्या व्हत्या. मंग कुनासाठी बदलू?"

टायपिंगवाला म्हणाला, "आजी, हे नाय ना टाकायचं यात?" आणि स्वतःच हसला. आम्ही तिघींपैकी कुणी हसलं नाही. माझ्या डोळ्यापुढं ते ताट आलं, ते तांदूळ, आणि मान डोलावणारी मी.

समोरच्या टपरीवरून मागवलेला चहा अजून गरम होता. एवढ्या वेळात सगळं झालं होतं. त्यानं कागद पुढं सरकवला. "दोन्ही सह्या करा. आधी जुनी."

मला वाटलं, हात विसरला असेल. पण पेन टेकवलं आणि ती सही सरसर उमटली, बारावीच्या हॉलतिकिटावर केली होती तशीच, शेवटी मोठा झोकदार फराटा मारलेली. धाकटीनं वाकून ते नाव मोठ्यानं वाचलं. "छान आहे हो, ताई."

मी त्या सहीकडं बघत राहिले. गणितात पहिली आलेली, असा फराटा मारणारी, जिच्यापुढं अजून कुणी तांदळाचं ताट ठेवलं नव्हतं अशी ती आण्याची पोर. आणि मला तिचा जसा हेवा वाटला, तसा धाकटीचा कधी वाटला नव्हता.